मांड्या बारीक केल्या की दमसास वाढतो का?

ताई, नमस्कार. मी ठाण्याला कोपरीत राहते. वय 20, टीवायला आहे. शाळेपासून खो-खो खेळले. गेल्या वर्षी आमचा संघ मोडला, तेव्हा लांब पल्ल्याच्या धावण्याकडे वळले. खो-खोमुळे माझ्या मांड्या जाड आहेत, पोटऱ्याही भरलेल्या. नवे सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "हे पाय पाच हजार मीटरला चालायचे नाहीत, आधी ते उतरव." माझी मैत्रीण 46 किलोची आहे, पाय अगदी काडीसारखे. बारा मिनिटांच्या चाचणीत ती 2560 मीटर धावली, मी 2500. तेव्हा माझं वजन 56 होतं. मग मी रात्रीचं जेवण बंद केलं, स्क्वॉट्सही सोडले. दोन महिन्यांत मांडी इंचभर कमी झाली, वजन 53 वर आलं. पण परवाच्या चाचणीत 2400 मीटरच झाले. हल्ली स्टेशनचा पूल चढतानाही धाप लागते. पाळी दोनदा पुढे गेली. आई रोज भांडते आणि सर म्हणतात अजून उतरव. पाय बारीक होऊनही दम का वाढत नाही? आणखी किती कमी करू?
— एक धावपटू, ठाणे पूर्व

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. आणखी एक ग्रॅमही नको. हे वाचून झालं की स्वयंपाकघरात जा आणि आईने केलंय ते पोटभर जेव. बाकीचं त्यानंतर वाचलंस तरी चालेल.

तू पत्रात आकडे दिलेस हे फार बरं केलंस, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या आकड्यांतच आहे. तुम्ही देता ती बारा मिनिटांची चाचणी केनेथ कूपर या अमेरिकी हवाई दलातल्या डॉक्टरांनी 1968 साली मांडली. बारा मिनिटांत जेवढे मीटर झाले त्यातून 504.9 वजा करायचे आणि उरलेल्याला 44.73 ने भागायचं. जो आकडा येतो तो व्हीओटू मॅक्सचा अंदाज. म्हणजे जीव तोडून धावताना शरीर मिनिटाला दर किलो वजनामागे किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं, त्याचं माप. आपण ज्याला दमसास म्हणतो त्याचा मोठा भाग यात येतो. अंदाजच आहे, प्रयोगशाळेतल्या मापाइतका नेमका नाही. पण तोच ट्रॅक आणि तीच मुलगी असेल तर आधीची-नंतरची तुलना करायला पुरेसा आहे.

त्या हिशेबाने तुझा पहिला आकडा येतो 44.6 आणि मैत्रिणीचा 45.9. फरक जेमतेम. आता दोन्ही आकड्यांना आपापल्या वजनाने गुण. तू मिनिटाला जवळजवळ अडीच लिटर ऑक्सिजन वापरत होतीस, ती 2.1 लिटर. एकूण क्षमता तुझी जास्त होती, फक्त ती दहा किलो जास्त वजनात वाटली जात होती. ज्या पायांना तू दोन महिने शिक्षा केलीस, त्यांच्यासकट तू तिच्यापेक्षा फक्त 60 मीटर मागे होतीस.

आता परवाची चाचणी. 2400 मीटर म्हणजे 42.4. त्याला 53 ने गुणलं की येतात सव्वादोन लिटर. वजन पाच टक्क्यांच्या आसपास घटलं आणि ऑक्सिजन वापरण्याची एकूण क्षमता दहा टक्क्यांनी.

तुझ्या सरांचा हिशेब कागदावर चुकीचा नव्हता. तुझे अडीच लिटर तसेच टिकले असते आणि वजन तेवढं 53 झालं असतं, तर तू त्याच बारा मिनिटांत 2600 मीटरच्या पुढे गेली असतीस. त्यांना हेच अपेक्षित असणार. पण उपाशी शरीर वजन उतरवताना प्रशिक्षकाला विचारत नाही. चरबीबरोबर ते स्नायूही खातं, रक्त कमी बनवतं आणि सरावातून घडायला हवं ते घडू देत नाही. तुझे अडीच लिटर टिकले नाहीत, आणि टिकणारही नव्हते.

आता मूळ प्रश्नाकडे येते, कारण तो फक्त तुझा नाही. माझ्याकडे दोन्ही तऱ्हेचे खेळाडू येतात. कुणी जाड पायांमुळे खट्टू असतो, तर कुणी बारीक पाय दिसतात म्हणून हाफ पँट घालायला लाजतो आणि महिनोन्‌महिने जिममध्ये मांड्या फुगवत बसतो. दोघांचीही समजूत एकच, की पायाच्या घेरावरून दमसास कळतो. तो कळत नाही.

स्नायूंपर्यंत ऑक्सिजन पोचवायचं काम हृदय आणि रक्त करतात, आणि धावण्यासारख्या खेळात निरोगी माणसाची मर्यादा बहुतेक वेळा तिथेच येते. 1985 साली कोपनहेगनमध्ये पेर अँडरसन आणि बेंग्ट साल्टिन यांनी याची फार सुंदर तपासणी केली. त्यांनी माणसांना बसवून एकाच पायाच्या मांडीचा पुढचा स्नायू दमेपर्यंत वापरायला लावला, बाकी शरीर स्वस्थ. त्या स्नायूच्या एकेका किलोतून मिनिटाला अडीच लिटरपर्यंत रक्त वाहत होतं. आता तूच विचार कर. सराव नसलेल्या तरुणाचं हृदय पूर्ण जोरावर मिनिटाला साधारण 20 लिटर रक्त फेकतं, मुलींचं त्याहून कमी. धावताना दोन्ही पायांचे, नितंबांचे, पाठीचे असे कितीतरी किलो स्नायू एकाच वेळी रक्त मागतात. सगळ्यांना त्या वेगाने द्यायचं म्हटलं तर हृदय पुरणारच नाही. सोसायटीत वरच्या टाकीला पाणी चढवणारा पंप तेवढाच असेल तर घराघरांत नळ वाढवून पाणी वाढत नाही. मांडी मोठी करणं म्हणजे नळ वाढवणं. आणि उपाशी राहून मांडी बारीक करताना तू पंपालाच हात घातलास.

हृदयाचा वाटा किती मोठा आहे हे 1966 च्या डॅलसमधल्या प्रयोगात फार स्पष्ट दिसलं. पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं. त्यांचा व्हीओटू मॅक्स सरासरी चौथ्या हिश्शाहून जास्त घसरला. कारण शोधलं तेव्हा मुख्यतः हृदयाचा एकेक ठोका कमी रक्त फेकत होता असं आढळलं. स्नायू रक्तातून ऑक्सिजन खेचून घेत होते ते जवळपास पूर्वीसारखेच. त्याच पाच जणांना 30 वर्षांनी, पन्नाशीत, पुन्हा तपासलं. 30 वर्षांच्या वयाने त्यांची क्षमता जेवढी कमी झाली होती, त्याहून जास्त ती त्या तीन आठवड्यांत गेली होती.

म्हणून स्नायूला काहीच किंमत नाही असं नाही. पण टेपला दिसत नाही अशा ठिकाणी ती असते. स्नायूच्या पेशींमध्ये मायटोकाँड्रिया असतात, ऑक्सिजन तिथे जळतो. 1967 साली जॉन हॉलोझी यांनी उंदरांना कित्येक आठवडे ट्रेडमिलवर पळवलं आणि त्यांच्या पायाच्या स्नायूंची ऑक्सिजन वापरण्याची ताकद साधारण दुप्पट झालेली आढळली. लांब पल्ल्याच्या सरावाने हे माणसातही घडतं. मायटोकाँड्रिया वाढतात, एकेका तंतूभोवती केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, आणि मांडीचा घेर मात्र तसाच राहतो. उलट तंतू फार जाड झाला तर कडेच्या केशवाहिनीतून निघालेल्या ऑक्सिजनला आतल्या गाभ्यापर्यंत लांब जावं लागतं. दमसासाच्या खेळाडूंचे तंतू वजन उचलणाऱ्यांइतके फुगत नाहीत, त्यामागे हे एक कारण आहे.

मोठे पाय उपयोगी पडतात असे खेळही आहेत. नौकानयनाचे खेळाडू धिप्पाड असतात आणि त्यांच्यातले अव्वल पुरुष मिनिटाला सहा लिटरच्या वर ऑक्सिजन वापरतात. वजन पाणी उचलतं, त्यामुळे तिथे एकूण लिटर मोजायचे, किलोमागचे नाहीत. सायकलचंही बरंचसं तसंच. जर्मनीचा ट्रॅक सायकलपटू रॉबर्ट फोर्स्टेमान त्याच्या अवाढव्य मांड्यांसाठी जगभर ओळखला जातो, 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्याला सांघिक स्प्रिंटचं कांस्य मिळालं. पण त्याची शर्यत मिनिटाच्या आत संपते आणि तिथे जोर लागतो, दमसास फारसा नाही. तुझ्या ओळखीतला एखादा जाडजूड मांड्यांचा सायकलवाला नवी मुंबईत पाम बीच रोडच्या सपाटीवर सगळ्यांना मागे टाकत असेल. त्यालाच येऊरच्या चढावर ने, तिथे दर किलोचा हिशेब सुरू होतो आणि काटकुळी पोरं पुढे निघतात.

धावताना सगळं वजन दर पावलाला आपणच उचलतो, म्हणून तिथे दर किलोचा आकडा बघायचा. त्यातही वजन पायाच्या टोकाकडे असेल तर जास्त महाग पडतं. दोन्ही बुटांत प्रत्येकी 100 ग्रॅम वाढवले तर धावण्याला साधारण एक टक्का ऊर्जा जास्त लागते. तेच 200 ग्रॅम कमरेला बांधले तर एवढा फरक पडत नाही. केनिया-इथिओपियाच्या धावपटूंच्या पोटऱ्या बारीक असतात आणि त्याचा त्यांना फायदा होतो, ही गोष्ट खरी आहे. पण ती हाडांची आणि बांध्याची घडण आहे. जेवण सोडून कुणाची पोटरी तशी झालेली नाही. तुझं जे वजन आहे ते बरंचसं मांडीत, म्हणजे खुब्याजवळ. पाय पुढेमागे हलवताना ते पोटरीतल्या वजनाइतकं जाचत नाही. जगातल्या अव्वल दहा हजार मीटरवाल्यांच्या रांगेत उभं राहायचं असतं तर बांध्याचा विचार करावा लागला असता. तुझ्या आत्ताच्या टप्प्यावर सरावाने मिळण्यासारखं इतकं काही बाकी आहे की मांडीच्या इंचाचा विचार करायचं कारणच नाही.

आता ज्यामुळे मला तुझं पत्र वाचून काळजी वाटली ते. पुलावर लागणारी धाप आणि पुढे गेलेली पाळी.

रक्तातला ऑक्सिजन हिमोग्लोबिन वाहतं. एक ग्रॅम हिमोग्लोबिन 1.34 मिलिलिटर ऑक्सिजन धरतं. हिमोग्लोबिन 13 असेल तर एक लिटर रक्तात साधारण 174 मिलिलिटर मावतो. 10 असेल तर 134. हृदय तितकंच राबतं आणि पायांना जवळपास चौथा हिस्सा कमी पोचतो. तुझं हिमोग्लोबिन किती आहे ते तपासल्याशिवाय मी सांगू शकत नाही. पण पाळी येणारी, रोज धावणारी आणि एक वेळ उपाशी राहणारी मुलगी म्हटली की पहिला संशय तिथेच जातो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 57 बायका रक्तक्षय असलेल्या निघाल्या. त्यात धावपटू मुली वेगळ्या नसतात. या आठवड्यातच सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची साधी तपासणी) आणि फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी) करून घे. फेरिटिन मुद्दाम सांगून करायचं, कारण हिमोग्लोबिन काठावर ठीक दिसत असतानाच लोहाचा साठा संपलेला असू शकतो. लोहाच्या गोळ्या रिपोर्ट बघून डॉक्टर देतील तेवढ्याच घ्यायच्या. मैत्रिणीच्या सांगण्यावरून नकोत.

पाळीबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना भेट, आणि त्या विचारतील ते सगळं मोकळेपणाने सांग. आईला बरोबर ने. सराव करताना पाळी पुढे जाणं म्हणजे "सराव चांगला चाललाय" असं मैदानावर बऱ्याच मुलींना सांगितलं जातं, आणि ते ऐकून मला संताप येतो. खर्च होतेय तेवढी ऊर्जा पोटात जात नसेल तर शरीर ज्याच्यावाचून आज भागेल ते बंद करायला लागतं, आणि पाळीचा नंबर त्यात लवकर लागतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये खेळाडूंमधल्या या ऊर्जेच्या तुटीवर स्वतंत्र निवेदन काढलं, त्यात हाडं, रक्त, प्रतिकारशक्ती, मन आणि खेळातली कामगिरी असं सगळंच घसरतं हे नोंदवलं आहे. पाळी थांबली की इस्ट्रोजेन कमी पडतं आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात. तुझं हे वय हाडांत भर टाकायचं आहे. नडगीच्या हाडाला बारीक तडा गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्यातल्या अनेकींची गोष्ट तुझ्यासारखीच रात्रीच्या जेवणापासून सुरू झाली होती.

रिपोर्ट येईपर्यंत फक्त सावकाश धाव किंवा चाल. वेगाचं काही नको. स्टेशनच्या पुलावर धाप लागते म्हणजे शरीर आधीच सांगतंय. छातीत धडधड वाढली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तेवढंही थांबव.

जेवणाचं फार अवघड करू नकोस. रात्री भाकरी किंवा भात हवाच, बरोबर डाळ-उसळ, आणि घरात चालत असेल तर अंडी, मासे. सुकट, बांगडा, अळिवाचे लाडू, गूळ-शेंगदाणे, हिरव्या पालेभाज्या हे सगळं चालेल, वर लिंबू पिळ म्हणजे लोह नीट शोषलं जाईल. जेवणाला लागून चहा मात्र घेऊ नकोस, दोन्हींत तासाभराचं अंतर ठेव. सराव संपला की अर्ध्या तासात काहीतरी खा, केळं आणि दूध मिळालं तरी पुष्कळ. वजन पुन्हा 55-56 झालं तर घाबरू नकोस. तेच तुझं खेळतं वजन होतं.

रक्त ठीक आलं, पाळी सुरळीत झाली, डॉक्टरांनी हो म्हटलं, की मग सराव. बहुतेक दिवस इतकं सावकाश धावायचं की शेजारच्या मुलीशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. खो-खोवाल्यांना हे सगळ्यात जड जातं, कारण तुम्हाला एकदम सुटायची सवय असते. पण हृदयाचा एकेक ठोका मोठा होतो आणि स्नायूंत केशवाहिन्या फुटतात त्या बऱ्याचशा या कंटाळवाण्या दिवसांत. आठवड्यातून एकदा, जम बसल्यावर दोनदा, चार मिनिटांच्या चार फेऱ्या. जोर असा की शेवटच्या मिनिटात बोलणं नको वाटावं, म्हणजे कमाल ठोक्यांच्या 90 ते 95 टक्के. मधे तीन मिनिटं हळू पळायचं. नॉर्वेतल्या ट्रॉनहेममध्ये या पद्धतीने आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे सराव केलेल्या तरुणांचा व्हीओटू मॅक्स सात टक्क्यांच्या आसपास वाढला, असा 2007 चा अभ्यास आहे. तुझ्या अडीच लिटरवर सात टक्के म्हणजे काय, ते तूच काढ आणि 56 ने भाग. येऊरच्या चढावर या फेऱ्या छान होतात. पावसाळ्यात शेवाळलेल्या कडेने मात्र पळू नकोस.

आणि स्क्वॉट्स पुन्हा सुरू कर. हे ऐकून सर दचकतील. पण जड वजनाचे थोडेच, एका दमात पाच-सहा वेळांचे सेट मांडी फारशी वाढवत नाहीत, विशेषतः जोडीला धावणं असेल तेव्हा. शरीराला एकाच वेळी दोन उलट निरोप मिळत असतात. मिळतं ते हे, की पाऊल जमिनीवर टेकून उचललं जाताना ऊर्जा कमी वाया जाते. त्याच वेगाला ऑक्सिजन काही टक्के कमी लागतो, आणि लांब पल्ल्यात ते सोनं आहे. आठवड्यातून दोनदा पुरे.

सरांशी बोलताना भांडू नकोस. वहीत दोन्ही चाचण्यांचा हा हिशेब मांड, खाली रिपोर्ट लाव आणि दाखव. मेहनती प्रशिक्षकाला आकडे पटतात. इतकं करूनही ते "अजून उतरव" म्हणाले, तर प्रशिक्षक बदल. ठाण्यात धावणं शिकवणारे ते एकटे नाहीत.

एक गोष्ट तू विचारलेली नाहीस, तरी सांगते. पाच हजारच का? तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या असतात. दर अडथळ्यावर पायात झटका लागतो, दोन अडथळ्यांच्या मधे दमसास. खांबाला वळसा घालून झेपावलेली, सूर मारून पुन्हा धावायला लागलेली मुलगी तिथे पहिल्या दिवशी बावरत नाही. साताऱ्याच्या मोही गावच्या ललिता बाबरने 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये याच शर्यतीची अंतिम फेरी गाठली आणि दहावी आली. 1984 च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळेही स्टीपलचेसचाच. मुलींचा अडथळा 76.2 सेंटीमीटर उंच असतो, साधारण तुझ्या मांडीच्या वरच्या टोकापर्यंत येईल. सरांना विचारून कमी उंचीच्या अडथळ्यांवर एकदा करून बघ, आवडलं तर पुढचं ठरव.

पुढची कूपर चाचणी नीट जेवायला लागल्यापासून किमान दोन महिन्यांनी दे. तोच ट्रॅक, तेच बूट, सकाळची तीच वेळ, आदल्या दिवशी विश्रांती. त्या सकाळी वजन करून मीटरांशेजारी लिही, आणि दोन्ही आकडे मला पाठव. मांडीचा घेर पाठवायची गरज नाही.